वनाची ऋतुचर्या
वैद्यांनी स्वहस्ते शिकावयाचे वनसंवर्धन

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय, जनपदोद्ध्वंसनीय, आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. साथीच्या रोगांचे विवेचन म्हणून तो परीक्षेत विचारला जातो. वायू, उदक, देश आणि काल या चार भावांची दुष्टिलक्षणे पाठ करून आपण पुढे जातो. हा अध्याय सुरू कोठे होतो, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. पांचाल देशाची राजधानी कांपिल्य, ग्रीष्माचा शेवटचा महिना, आणि गंगेच्या तीरावरील वनात शिष्यांसह फिरणारे भगवान पुनर्वसु आत्रेय असा तो प्रसंग आहे. चालता चालता ते अग्निवेशास सांगतात की, सृष्टीची लक्षणे बिघडलेली दिसत आहेत. थोड्याच काळात भूमी औषधींना यथायोग्य रस, वीर्य, विपाक आणि प्रभाव देईनाशी होईल. म्हणून त्याआधीच औषधींचा संग्रह करावा.

हा पाठ पाठशाळेत बसून दिलेला नाही, वनात पायी फिरत असताना दिलेला आहे. भूमीची प्रकृती बिघडली की द्रव्याची बिघडते, आणि द्रव्याची बिघडली की चिकित्साच निष्फळ होते, ही साखळी आचार्यांनी वनाकडे पाहत असताना शिष्यास दाखविली. पुढे त्याच अध्यायात या बिघाडाचे मूळ म्हणून अधर्म आणि त्याच्याही मुळाशी असलेला प्रज्ञापराध सांगितला आहे. आज आपण या उपदेशातील संग्रहाचा भाग मनापासून पाळतो. किंबहुना आपल्या वतीने औषधनिर्माते, व्यापारी आणि ठेकेदार तो गरजेपेक्षा अधिकच पाळतात. प्रज्ञापराध सुधारण्याचा भाग मात्र कोणी पाळावयाचा, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. वैद्याने वनाचा केवळ ग्राहक न राहता त्याचा परिचारकही झाले पाहिजे, ही परिचर्या प्रत्यक्ष हातांनी शिकावी लागते, आणि ती शिकण्याची रीत आपल्या शास्त्रात आधीच आहे, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

मागणीचे वास्तव

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या पुढाकाराने देशातील औषधी वनस्पतींच्या मागणी-पुरवठ्याचा दोनदा विस्तृत अभ्यास झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ९६० वनस्पती व्यापारात असल्याचे आढळले आणि त्यांपैकी १७८ वनस्पतींचा वार्षिक व्यापार १०० मेट्रिक टनांहून अधिक होता. २०१७ च्या अहवालात हेच आकडे अनुक्रमे १,१७८ आणि २४२ असे आले. यांतील बहुसंख्य द्रव्ये शेतातून येत नाहीत. ती रानातून, माळावरून आणि बांधावरून गोळा होतात.

संख्येपेक्षा चिंतेची बाब आहे ती प्रयोज्यांगाची. पान, फूल वा फळ घेतले तर झाड जगते. मूळ घेतले तर बहुधा झाडच जाते. दशमुळातील बृहत्पंचमूळ डोळ्यांसमोर आणावे. बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि ऐरण हे पाचही वृक्ष आहेत. दशमुळारिष्टाची बाटली लिहून देताना त्या एका शब्दामागे उपटलेले किती वृक्ष उभे आहेत, याचा विचार आपल्या लेखणीला स्पर्शत नाही. टेटूच्या मुळाऐवजी खोडाची अथवा फांदीची साल वापरता येईल काय, यावर संशोधकांत विचार चालू आहे. हा प्रश्न औषधीशास्त्राचा जितका आहे, तितकाच वनाचाही आहे.

सीता-अशोकाची कथा याहून बोलकी आहे. अशोकारिष्टासाठी त्याच्या सालीला अखंड मागणी असते. हा वृक्ष आज आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत असुरक्षित प्रजातींत गणला जातो. परिणामी बाजारात ‘अशोक’ म्हणून येणारी साल पुष्कळदा रस्त्याकडेला लावलेल्या सरळसोट खोट्या अशोकाची असते. भावप्रकाशादी ग्रंथांनी अभावप्रतिनिधी द्रव्ये सांगितली आहेत हे खरे. परंतु प्रतिनिधी वैद्याने विचारपूर्वक नेमावयाचा असतो, व्यापाऱ्याने गुपचूप नव्हे. वनातील अभाव अशा रीतीने रुग्णाच्या औषधपात्रापर्यंत येऊन पोहोचतो. गुण येत नाही, शास्त्राला दोष लागतो, आणि खरे कारण दूरवर कोठे तरी सालपट सोललेल्या खोडापाशी राहून जाते.

नरक्या या सह्याद्रीतील झुडपाचा इतिहासही येथे नोंदविला पाहिजे. आयुर्वेदात त्याचा उपयोग रूढ नव्हता. १९७२ मध्ये भारतीय संशोधकांनी त्यात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरील औषधांच्या निर्मितीस उपयुक्त असे द्रव्य असल्याचे दाखविले. पुढे त्याला परदेशी मागणी आली, आणि कोकण व घाटमाथ्यावरील रानांतून त्याची झाडे तोडून, तुकडे करून चोरट्या मार्गाने पाठविली गेली. एखाद्या वनस्पतीचा गुण ज्ञात होणे हेच तिच्या नाशाचे कारण ठरू शकते. म्हणून गुणाच्या ज्ञानाबरोबर रक्षणाचे ज्ञानही असलेच पाहिजे.

देवराई : एक जिवंत पाठशाळा

हे ज्ञान शिकावयाचे कोठे? महाराष्ट्रातील वैद्यांच्या सुदैवाने याचे उत्तर फार दूर नाही. घाटमाथ्यावर देवराई, कोकणात राई अथवा देवरहाटी अशा नावांनी गावोगावी देवाच्या नावाने राखलेली वने आहेत. काही एखाद्या गुंठ्याची, तर काही कित्येक एकरांची. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि अभ्यासकांचे लक्ष या परंपरेकडे वेधले. त्या दशकाच्या आरंभी श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावच्या ग्रामस्थांनी आपली राई तोडली जाऊ नये म्हणून या अभ्यासकांकडे साहाय्य मागितले. राई गेली तर तिच्यावर अवलंबून असलेले पाणी जाईल, ही त्यांची भीती होती. प्रयत्नांती ती राई वाचली. तेथील ग्रामस्थांना उदक आणि देश यांचा संबंध शब्दांत मांडता आला नसेल, परंतु तो त्यांना कळत होता, हे निश्चित.

वैद्यांच्या दृष्टीने देवराईचे महत्त्व असे की, इतरत्र दुर्मीळ झालेली पक्व वयाची झाडे येथे उभी सापडतात. बेहड्याचे जुने विशाल वृक्ष, मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल, खोडावर पावसाचे शेवाळ धरलेला सीता-अशोक एखाद्या राईतच पाहावयास मिळतो. अशी झाडे म्हणजे बीजाचा मूलस्रोत होत. रोपवाटिकेतील रोपे कितीही वाढविली, तरी त्यांचे बीज कोठून तरी आणावेच लागते.

या राया सुखरूप आहेत असे मात्र नाही. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी राईतील झाडे विकली जातात. जुन्या कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचे देऊळ, त्यापुढे सभामंडप, त्यापुढे वाहनतळ अशी जागा वाढत जाते. भाविकांची सोय म्हणून फरशी घातली जाते आणि झाडांच्या मुळांपर्यंत पाणी जाईनासे होते. श्रद्धा कमी झाली म्हणून राई गेली, असे सरसकट म्हणता येत नाही. अनेक ठिकाणी देवावरील श्रद्धा वाढली. राईवरील तेवढी कमी झाली.

आधी निदान, मग चिकित्सा

निसर्गरक्षण म्हटले की आपल्याकडे वृक्षारोपणाचा कार्यक्रम होतो. जुलै महिन्यात खड्डे काढावयाचे, पाहुण्यांच्या हस्ते रोपे लावावयाची, छायाचित्र घ्यावयाचे आणि परतावयाचे. रुग्णाची नाडी न पाहता, प्रश्न न विचारता, दारातूनच औषधाची पुडी फेकणाऱ्या वैद्यास आपण काय म्हणू? वनाच्या बाबतीत आपण नेमके तेच करीत असतो.

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा वनासही लागू करावी. दर्शनासाठी एक साधी रीत आहे. राईत दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असा चौकोन दोरीने आखावा. त्यातील प्रत्येक जातीची मोठी झाडे, पोरवयाची झाडे आणि गुडघ्याखालची रोपे वेगवेगळी मोजावीत. मोठ्या झाडांच्या खोडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजून लिहावा. असे पाच-सहा चौकोन वेगवेगळ्या जागी घेतले की वनाचे खरे चित्र दिसू लागते. ज्या जातीची जुनी झाडे पुष्कळ आहेत, परंतु रोप एकही नाही, ती जात आजारी आहे असे समजावे. घरात आजी-आजोबा आहेत, पण कित्येक वर्षांत पाळणा हललेला नाही, अशीच ती अवस्था होय. वरवर पाहणाऱ्यास मात्र तीच राई घनदाट दिसते.

स्पर्शन म्हणजे मातीची परीक्षा. पालापाचोळ्याचा थर बोटांनी बाजूस सारून पाहावा. खालची माती भुसभुशीत, ओलसर आणि बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी विणलेली असेल तर भूमी स्वस्थ आहे. ती पायवाटेसारखी कठीण झाली असेल, तर तेथे बी पडूनही रुजणार नाही. प्रश्न विचारावयाचे ते गावातील वृद्धांना, गुरवाला आणि गुराख्याला : पूर्वी येथे काय होते, झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, वणवा शेवटचा कधी लागला, पाचोळा कोण नेतो, गुरे कोठून आत येतात?

परीक्षेनंतर पहिली चिकित्सा निदानपरिवर्जन. झाड लावण्यापूर्वी, झाड का उगवत नाही याचे कारण दूर करावे. अनेक ठिकाणी हे कारण म्हणजे घाणेरी आणि रानमोडी या बाहेरून आलेल्या झुडपांची दाटी असते. त्यांच्या सावलीत देशी वृक्षांची रोपे तग धरीत नाहीत, आणि उन्हाळ्यात हीच वाळलेली झुडपे वणव्यास वाट करून देतात. घाणेरी वरवर छाटली तर ती दुप्पट जोमाने फुटते; अर्धवट शोधनाने दोष अधिक प्रकुपित व्हावा तसे. दिल्ली विद्यापीठातील वनस्पतीशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांनी सुचविलेली रीत अशी की, खोड व मूळ यांच्या सांध्याखाली, जमिनीच्या काही बोटे आत, मुख्य मूळ तोडावे आणि उपटलेले झुडूप उलटे करून ठेवावे, म्हणजे ते पुन्हा मातीत मूळ धरीत नाही. हे काम पुस्तक वाचून येत नाही. पहिल्या दिवशी कुदळ चुकीच्या जागी पडते आणि मूळ आत राहते. चार-सहा झुडपांनंतर हाताला सांधा कळू लागतो. शस्त्रकर्मापूर्वी आचार्यांनी योग्या, म्हणजे फळे-वेली इत्यादींवर हाताचा सराव, का सांगितली, हे अशा वेळी नव्याने उमगते.

सारीच दाटी एकदम काढू नये, हेही शिकावे लागते. एकदम उघडी पडलेली जमीन पावसात वाहून जाते. बलाबल पाहून, थोडा थोडा भाग मोकळा करावा, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढील दोन-तीन वर्षे पुन्हा पुन्हा जाऊन नव्याने उगवलेली घाणेरी हातांनी उपटावी. शोधनानंतर संसर्जनक्रम टाळता येत नाही, तसेच हे आहे.

सहा ऋतूंचे काम

वनाची परिचर्या एका दिवसाची नाही. तिलाही ऋतुचर्या आहे.

वर्षा ऋतूत माती मऊ असते, तेव्हा कोवळी घाणेरी मुळासकट सहज निघते. याच काळात सीता-अशोकाचे ताजे बी लावावे. हे बी वाळवून वर्षभर डब्यात ठेवता येत नाही, रुजण्याची शक्ती ते लवकर गमावते. म्हणून ते गोळा करून लगेच, त्याच परिसरात लावणे इष्ट. शरदात रानमोडीला फुले येण्यापूर्वीच ती काढावी. एकदा तिचे केसाळ बी वाऱ्यावर गेले की वर्षाचे श्रम वाया जातात. हेमंत व शिशिरात चौकोनांची मोजणी करावी, कारण वाट कोरडी असते आणि झाडे ओळखणे सोपे जाते. टेटूच्या तलवारीसारख्या शेंगा याच सुमारास तडकतात आणि त्यांतील कागदासारख्या पंखांच्या बिया उडू लागतात; त्या काही प्रमाणात वेचून रोपवाटिकेसाठी ठेवाव्यात. टेटूची फुले रात्री उमलतात आणि त्यांचे परागण वटवाघळे करतात. म्हणजे दशमुळातील हे द्रव्य टिकावयाचे तर वटवाघळांचा निवाराही टिकला पाहिजे.

वसंताच्या आरंभी जाळरेषा काढावी. राईच्या कडेने काही हात रुंदीचा पट्टा गवत व पाचोळा दूर करून स्वच्छ ठेवला, तर शेतातील राबाची अथवा रस्त्याकडेची आग आत शिरत नाही. राईच्या आतील पाचोळा मात्र झाडू नये. तो वनाचा आहार आहे. ग्रीष्मात आगीवर पहारा, झऱ्याच्या तोंडाची देखभाल आणि शिवणीसारख्या झाडांच्या फळांचे संकलन, ही कामे येतात.

रोपे लावण्याचा विचार या साऱ्यानंतर करावा, आणि तोही त्याच परिसरातील बीजापासून वाढविलेल्या रोपांपुरता. शोभेची झाडे, गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांना राईत स्थान नाही. ‘औषधी उद्यान’ करण्याच्या उत्साहात दूरच्या प्रदेशातील वनस्पती देवराईत आणून लावणे हेही अपथ्यच होय. त्यासाठी महाविद्यालयाचे आवार आहे. जांगल, आनूप आणि साधारण हा देशभेद सांगणाऱ्या शास्त्राच्या उपासकांना हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

येथे गुळवेलीचे उदाहरण उद्बोधक आहे. गुळवेलीचा तुकडा खोचला की वेल होतो, म्हणून ती वाढविणे सर्वांत सोपे, असे आपण मानतो. परंतु गुळवेलीत नरवेल आणि मादीवेल स्वतंत्र असतात. एकाच वेलीचे तुकडे गावभर लावले तर सर्व वेली एकाच लिंगाच्या होतात. वेल दिसते, फळ धरत नाही, आणि नवे बीज निर्माण होत नाही. म्हणून तुकडे घेताना लाल फळे धरणारी वेल कोणती आणि केवळ नरफुले येणारी कोणती, हे पाहून दोन्हींचे घ्यावेत, आणि तेही अनेक वेलींपासून. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी लागवड आणि संवर्धन यांतील भेद स्पष्ट होतो.

संग्रहातील संयम

कल्पस्थानाच्या प्रथमाध्यायात चरकाचार्यांनी द्रव्यसंग्रहाचे ऋतू सांगितले आहेत. पाने-फांद्या वर्षा व वसंतात, मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, साल, कंद व चीक शरदात, सार हेमंतात आणि फुले-फळे ज्याच्या त्याच्या ऋतूत. आपण या नियमाचा विचार केवळ वीर्याच्या दृष्टीने करतो. परंतु मूळ ग्रीष्मात वा शिशिरात काढावयाचे, तर तोवर अनेक वनस्पतींचे बी पडून गेलेले असते, हाही त्यातील लाभ आहे. नियम पाळणारा संग्राहक नकळत वनस्पतीला पुढची पिढी मागे ठेवण्यास अवसर देतो.

सालीच्या बाबतीत एक नियम हाताला लावून घेतला पाहिजे. खोडाभोवती कड्याप्रमाणे साल कधीही काढू नये. सालीतूनच पानांत तयार झालेला आहाररस मुळांकडे जातो. ते स्रोतस चहूबाजूंनी तोडले की वृक्ष उभ्या उभ्या मरतो. पक्व फांद्यांवरून, उभ्या अरुंद पट्ट्यांत, एकाच बाजूने साल घ्यावी आणि जखम भरून येईपर्यंत त्या झाडाला पुन्हा हात लावू नये.

कंदांविषयी सफेद मुसळीचे उदाहरण घ्यावे. या वनस्पतीचे शास्त्रीय नाव आपल्या बोरिवलीवरून पडलेले आहे. तिची बोटांसारखी मुळे ज्या चकतीला लागलेली असतात, त्या चकतीवरच नवे कोंब असतात. मुळांची बोटे तोडून घ्यावीत आणि दोन-तीन बोटांसह चकती पुन्हा मातीत ठेवावी, म्हणजे पुढल्या पावसाळ्यात तेथेच मुसळी उगवते. केवळ तुटलेले बोट पेरले तर ते कुजते. केवढे लहानसे ज्ञान. पण ते हाताला असेल तर रान राहते, नसेल तर ओसाड पडते.

फळांचा संग्रह निरुपद्रवी असतो, असेही गृहीत धरू नये. बेहड्याच्या जुन्या वृक्षांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. मादी स्वतःस ढोलीत बंद करून घेते आणि फटीतून नर तिला व पिलांना भरवितो. सह्याद्रीच्या उत्तर भागात पुण्याच्या एका संशोधन संस्थेने हिरडा व बेहडा गोळा करणाऱ्या ग्रामस्थांबरोबर काम करून, झाडे न तोडता, काही फळे वन्यजीवांसाठी व बीजासाठी मागे ठेवून केलेल्या संग्रहास आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळविले आहे. लाकडासाठी तोडून मिळणाऱ्या एकदाच्या पैशापेक्षा दरवर्षीच्या फळांचे मोल अधिक, हे पटल्याने ते वृक्ष उभे राहिले. त्रिफळेच्या चूर्णात धनेशाचाही वाटा आहे, असे म्हटल्यास ती केवळ कविकल्पना ठरणार नाही.

या विद्येचे गुरू

सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात चरकाचार्य सांगतात की, औषधींचे नाव व रूप शेळ्या-मेंढ्या राखणारे, गोपाल आणि वनवासी यांना ठाऊक असते. नामरूप जाणून त्यांचा योग जाणणारा तो तत्त्ववेत्ता, असे ते पुढे म्हणतात. आपण दुसरे वाक्य अभिमानाने सांगतो आणि पहिले विसरतो. वनाच्या परिचर्येत गुरुस्थान या मंडळींचेच आहे. गावाबाहेरून आलेल्या पदवीधराने तेथे प्रथम ऐकावे.

वनवासी समाज आपले ज्ञान कसे वाढवितो, याचे एक उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड गाव होय. तेथे निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेबरोबरच अभ्यासगटांची परंपरा आहे. एखाद्या विषयावर गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून माहिती मिळवितात, चर्चा करतात, आणि मग निर्णय ग्रामसभेत होतो. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने असा हक्क मिळाल्यावर तेंदूपानांचे उत्पन्न स्वेच्छेने सोडले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि वणवे लावले जातात. शिवाय वनाचा काही भाग पूर्णतः अस्पर्श राखण्याचे ठरविले. हातातोंडाची गाठ घालणारी माणसे वनासाठी उत्पन्न सोडतात, तेव्हा त्याच वनातील द्रव्यांवर व्यवसाय करणाऱ्या आपल्यासारख्यांनी निदान काही रविवार सोडणे अशक्य नसावे.

कायद्यानेही आपल्याला एक विशेष स्थान दिले आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात परंपरेने चिकित्सा करणाऱ्या वैद्य-हकिमांना वनस्पतींच्या वापराबाबत सवलत होती; २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांसाठीही ती स्पष्ट केली. सवलत म्हणजे उत्तरदायित्वातून सुटका नव्हे. याच कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. वनस्पतींची स्थानिक नावे, संस्कृत पर्याय आणि शास्त्रीय नावे यांची गाठ घालून देऊ शकणारा वैद्य या कामी अत्यंत उपयोगी पडेल.

शाखांसाठी काही सूचना

प्रत्येक शाखेने आपल्या परिसरातील एक देवराई, झऱ्याकाठचा एक तुकडा वा गावचे एक रान निश्चित करावे. सातबाऱ्यावर जमीन कोणाची आहे ते पाहावे. ग्रामसभा, देवस्थानचे मानकरी आणि आवश्यक तेथे वनविभाग यांची संमती प्रथम घ्यावी. अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात अनुमतीवाचून काहीही काढू वा लावू नये. पहिले वर्ष केवळ परीक्षेसाठी द्यावे : मोजणी, नोंद आणि प्रश्न. त्या वर्षी एकही रोप लावले नाही तरी चालेल. दुसऱ्या वर्षापासून निदानपरिवर्जन आणि तिसऱ्यापासून, गरज असल्यास, लागवड. तेच चौकोन दर तीन वर्षांनी पुन्हा मोजावेत. रोपांची संख्या वाढली काय, हीच उपशयाची कसोटी.

महाविद्यालयीन अध्यापकांना एक विशेष विनंती. वनस्पती-परिचय सहलीत साठ विद्यार्थ्यांनी हर्बेरियमसाठी एकाच जागेतून कळलावीचे एकेक रोप उपटले, तर त्या जागेत पुढील वर्षी काय उरेल? वर्गासाठी एक नमुना पुरेसा असतो. इतरांनी छायाचित्र व रेखाटन सादर करावे, आणि त्या बदल्यात प्रत्येकाने एक चौकोन मोजून त्याची वही द्यावी. अशा वहीतून द्रव्यगुणाचा विद्यार्थी वनस्पती ओळखण्यास शिकेलच. ती कोणाच्या सोबतीने वाढते, कोणत्या सावलीत तगते आणि कशाने मरते, हेही शिकेल.

औषध लिहून देताना द्रव्य कोठून आले, कोणते अंग घेतले, आणि त्यामागे मूळ वनस्पती जिवंत राहिली काय, हे तीन प्रश्न आपल्या पुरवठादारास विचारण्याची सवय प्रत्येक वैद्याने लावून घ्यावी. उत्तर लगेच मिळणार नाही. परंतु प्रश्न विचारणारे वाढले की उत्तर ठेवणारेही निर्माण होतात.

चिकित्सेच्या चतुष्पादात वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण असे चार पाद आहेत. त्यांपैकी द्रव्य हा पाद आज सर्वाधिक दुर्बळ झाला आहे, आणि त्याला स्वतःचा वेगळा परिचारक नाही. ते काम वैद्यालाच अंगावर घ्यावे लागेल. येत्या शरदात, रानमोडीला फुले येण्यापूर्वी, शाखेतील चार-पाच जणांनी कुदळ, दोरी आणि वही घेऊन आपल्या जवळच्या राईकडे जावे. गावातील एखाद्या वृद्ध गुराख्यास सोबत घ्यावे आणि त्यालाच विचारावे की, येथे पूर्वी काय उगवत असे.